उपासाला चालतं!

नगर जिल्ह्यात उपास धरायचा म्हटलं तर वाराची अडचण येत नाही. सोमवार धरला तर अकोले तालुक्यात रतनवाडीचा अमृतेश्वर आहे. मंगळवार मोहट्याच्या देवीचा. गुरुवार शिर्डीचा, हे तर जगाला माहीत आहे. शुक्रवार कोल्हारच्या भगवतीमातेला देता येतो, शनिवार शिंगणापूरला द्यावाच लागतो, आणि रविवारी पारनेरकडे कोरठणचा खंडोबा वाट बघत असतो. संकष्टीला सिद्धटेक आहे, एकादशीला नेवासं आहे. राहता राहिला बुधवार. त्या दिवशी आमच्या घरात कुणाचाच उपास नसतो, त्यामुळे जेवण जरा हलकं होतं.

जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. तालुके चौदा. उत्तरेच्या पाटपाण्याचं आणि दक्षिणेच्या दुष्काळाचं कधी जमलं नाही. जिल्ह्याचे दोन तुकडे करावेत का आणि केले तर मुख्यालय कुठं ठेवावं, यावर चर्चा करत एक पिढी म्हातारी झाली. २०२४ साली सरकारदरबारी अहिल्यानगर हे नाव आलं, पाट्याही बदलल्या, पण बोलताना जिभेवर अजून नगरच येतं. एवढ्या मतभेदांच्या जिल्ह्यात एका ठरावावर मात्र अकोल्यापासून जामखेडपर्यंत एकमत आहे: साबुदाणा उपासाला चालतो.

गंमत अशी, की या जिल्ह्यात ऊस होतो, कांदा होतो, डाळिंब होतं, ज्वारी होते, श्रीगोंद्याची लिंबं होतात, पण ज्या पिकावर आम्ही आठवड्यातले सहा दिवस काढतो त्याचं झाड बहुतेकांनी बघितलेलं नसतं. माझ्या ओळखीच्या एका कृषी पदवीधरानं, आणि तेही राहुरीच्या विद्यापीठाजवळ उभं राहून, मला सांगितलं होतं की साबुदाणा झाडाला मोहोरासारखा लागतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इतकी गोल, पांढरी, एकसारखी वस्तू जमिनीखालून येत असेल, असं कुणाला वाटेल?

येते मात्र जमिनीखालूनच. कसावा नावाचं पुरुषभर उंचीचं झुडूप असतं. इंग्रजीत टॅपिओका, तमिळमध्ये मरवळ्ळी, मल्याळममध्ये कप्पा. त्याच्या बुडाशी हातभर लांबीचे, तपकिरी सालीचे कंद धरतात. तामिळनाडूत सेलमच्या आसपासच्या कारखान्यांत हे कंद आणून धुतात, सोलतात, कुटून त्यांचं दूध काढतात. ते दूध टाकीत निवळत ठेवलं की सत्त्व तळाशी बसतं आणि वरचं पाणी सोडून देतात. ओलसर सत्त्वाचा चुरा झोळीत घालून हलवत राहिलं की त्याच्या आपोआप गोळ्या वळतात. चाळणीनं त्यांचे लहानमोठे आकार वेगळे करायचे, तेलाचा हात फिरवलेल्या तापत्या पत्र्यावर भाजायच्या आणि उन्हात वाळवायच्या. चार-पाच किलो कंदांतून एक किलो साबुदाणा निघतो. म्हणजे कंदातले तंतू, जीवनसत्त्वं, जे काही थोडंबहुत बरं असतं ते सगळं सेलमलाच राहतं, आणि नगरला निव्वळ पिष्ट येतं. नगरकर हसतमुखानं ते विकत घेतात आणि त्याला फराळ म्हणतात.

एकादशीच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर हटकून एक संदेश फिरतो. सेलमच्या उघड्या टाक्यांत किडे पडतात, सबब साबुदाणा मांसाहारी आहे, हा संदेश पाच जणांना पाठवा. नेवासे तालुक्यातल्या माझ्या आत्यानं तो पुतण्याकडून वाचून घेतला आणि एका वाक्यात निकाल दिला. “मंग गुळात मुंगळे नसत्यात व्हय?” रात्री साबुदाणा भिजला.

हा कंद मुळातला दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून तो मलबार किनाऱ्यावर आणला. केरळात त्याचं खरं बस्तान बसवलं त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी. १८८० ते १८८५ ही त्यांची कारकीर्द. तांदळाची टंचाई होती, लोकांना पोटाला काहीतरी हवं होतं, आणि हा कंद खडकाळ जमिनीत, कमी पाण्यात वाढत होता. लोक मात्र त्याला विषारी म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं. कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. साल काढून, चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यावं लागतं, तेव्हा कुठं तो निवतो. तेव्हा राजानं म्हणे तो रीतसर शिजवून घेतला आणि स्वतःच्या पानात वाढायला लावला. राजा खाऊन दुसऱ्या दिवशी जिवंत दिसला, मग प्रजेनंही खाल्ला.

आपल्याकडे असं काही झालं नाही. आपल्याकडे कुणीही चौकशी न करता तो थेट देवघरातून आत घेतला.

त्याआधी इथं जो साबुदाणा येई तो मलायाकडून, जहाजानं. तो सागो नावाच्या ताडाच्या खोडातल्या गरापासून केलेला असे. १९४२ च्या सुरुवातीला जपान्यांनी मलाया, सिंगापूर, जावा घेतलं आणि माल थांबला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘चले जाव’नंतर पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि बाकीची बहुतेक कार्यकारिणी आमच्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवली गेली. नेहरू किल्ल्यात बसून भारताचा शोध घेत असताना, १९४३ च्या सुमारास, तिकडे सेलममधल्या व्यापाऱ्यांना शोध लागला की मरवळ्ळीच्या पिठाचाही साबुदाणा वळता येतो. नेहरूंचं पुस्तक जगभर गेलं. पण नगरच्या घराघरांत रोजच्या वापरात कुठला शोध आहे, असं विचारलं तर मी सेलमच्या बाजूनं हात वर करीन. युद्धाच्या धामधुमीत आख्ख्या महाराष्ट्राच्या फराळाचं झाड बदललं, ताडाच्या जागी कंद आला, आणि उपास एकाचाही मोडला नाही.

आता नेवाशाचं घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर महाराजांनी इथं पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. दर एकादशीला माणसं खांबाच्या दर्शनाला येतात आणि बाहेर येऊन साबुदाण्याची खिचडी खातात. खिचडीत साबुदाणा, बटाटा, हिरवी मिरची, शेंगदाणा. हे चारही जिन्नस अमेरिका खंडातले. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली जात होती तेव्हा या ताटातलं मीठ, जिरं आणि तूप एवढंच आपल्या बाजूला हजर होतं. बाजूला रताळ्याचा कीस घेतलात तर रताळंही तिकडचंच. राजगिऱ्याचा लाडू उचललात तर तो दाणेदार राजगिराही मूळ तिकडचा. एकादशीला आपण खातो ते ताट खरं तर ब्राझील आणि पेरूच्या वकिलातीत वाढायला हवं. भगर तेवढी आपली, वरई. अकोल्याच्या डोंगरउतारावर आदिवासी शेतकरी ती अजून घेतात. पण भगरीला ताटात मान दुसरा. पहिला साबुदाण्याचा. पाहुण्यांची सरबराई आम्ही चांगली करतो.

नगरला भिंगारच्या बाजूला लष्कराची छावणी आहे. त्यामुळे शेजार कुठलाही मिळू शकतो. आम्हाला काही काळ केरळचा मिळाला होता. रणगाड्यांच्या शाळेतल्या एका जवानाचं कुटुंब. एका आषाढीला आईनं रीतीप्रमाणे त्यांच्याकडे ताटलीत वडे झाकून पाठवले. थोड्या वेळानं त्या बाई रिकामी ताटली घेऊन आल्या. वडे आवडले होते, पण ते कशाचे हे कळलं नव्हतं. आईनं आपल्या हिंदीत साबुदाणा समजावला. बाईंनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे, ये तो कप्पा है!” सुट्टीवरून येताना त्या पिशवीतून एक कंद घेऊन आल्या. आईनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला, अंगठ्याच्या नखानं साल खरवडली, खाली गुलाबी अस्तर आणि आत पांढराशुभ्र गर. “रताळ्याच्या घराण्यातला दिसतोय,” ती म्हणाली. वनस्पतिशास्त्र तसं म्हणत नाही, त्यात कसावा एरंडाच्या कुळात बसतो. पण आईपुढं वनस्पतिशास्त्र कोण काढणार?

मग त्या बाईंनी कृती सांगितली. सोलायचं, तुकडे करायचे, उकडायचे, पाणी फेकायचं, खोबरं-मिरची वाटून घालायची, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. आई मान डोलवत होती. आणि हे खायचं, बाई म्हणाल्या, मच्छी करीबरोबर. तारली असली तर फारच छान.

खोलीत शांतता. एवढ्या वर्षांच्या एकादश्या, चतुर्थ्या आणि नवरात्रं आईच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

“मछली उसके अंदर डालते हैं, या बाजू में रखते हैं?”

“बाजू में.”

“मग चालतं,” आई माझ्याकडे वळून म्हणाली.

उरलेल्या तुकड्याच्या बाईंनी तिथंच कागदासारख्या पातळ चकत्या केल्या आणि आमच्या कढईत तळल्या. त्यांनी स्वतःचं खोबरेल आणलं होतं. आमच्याकडे खोबरेल डोक्याला लावतात, त्यामुळे घरभर न्हाणीचा वास पसरला. चकत्या तेलात पडल्या की आधी चरचरून खाली बसत, मग वर येऊन कडा वळवत, आणि आवाज थांबला की बाई झाऱ्यानं काढत. रंग जेमतेम पिवळा. मीठ-तिखट भुरभुरलं. बटाट्याच्या वेफरपेक्षा टणक, दाताला झुंजायला लावणारी, पण चव एकदा लागली की ताटली सोडवत नाही. तळलेला कसावा म्हणतात तो खरा हा. आमच्याकडचा वडा म्हणजे त्याचा सेलममार्गे झालेला पुनर्जन्म.

आता पोषणाकडे येऊ. इथं मला थोडं हळू बोलावं लागेल, कारण घरात एकादशी करणारी माणसं आहेत.

शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि त्या जवळजवळ सगळ्या पिष्टाच्या. प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. तंतू नावापुरते. लोह, जीवनसत्त्वं यांची अवस्था बघू नये. शेजारी शंभर ग्रॅम ज्वारी ठेवा: कॅलरी तेवढ्याच, पण प्रथिनं दहा ग्रॅम, तंतू भरपूर, लोह आहे. बाजरीचंही तसंच. म्हणजे जी ज्वारी आमच्या जिल्ह्यात कोरडवाहू रानात पिढ्यान् पिढ्या पिकते, जिच्यावर इथली माणसं दुष्काळ काढून उभी राहिली, तिला उपासाच्या दिवशी उंबरठ्याबाहेर ठेवायचं. आणि हजारभर किलोमीटरवरून आलेल्या पिष्टाला पाटावर बसवायचं. ज्वारीचं एवढंच चुकलं, की ती धान्य आहे.

साबुदाण्याला स्वतःची चव नाही, वास नाही, रंग नाही, मत नाही. तुपात टाका, तुपाचा होतो. दुधात टाका, खीर होते. ताकात टाका, ताकाची बाजू घेतो. सोयऱ्याधायऱ्यांच्या आमच्या जिल्ह्याच्या राजकारणात तो पहिल्याच निवडणुकीत बिनविरोध निवडून आला असता.

त्यामुळे वड्यातलं जे काही पौष्टिक आहे ते साबुदाणा सोडून. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं. बटाट्यात पोटॅशियम आणि थोडं क जीवनसत्त्व. मिरचीत क जीवनसत्त्व, जे तळताना बरंचसं जातं. दह्यात प्रथिनं आणि कॅल्शियम. सगळी कष्टाची कामं हे करतात आणि पाटीवर नाव साबुदाण्याचं. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

एका वड्याच्या कॅलरी किती? घरगुती हिशोब सांगतो. वाटीभर साबुदाणा, दोन बटाटे, अर्धी वाटी कूट, यात दहाएक वडे होतात. कढईतलं तेल आधी आणि नंतर बघितलं तर बरंच वड्यांबरोबर गेलेलं दिसतं. सगळं मिळून एका वड्याला दीडशेच्या घरात. दोन खाल्ले की एक चांगली जाड भाकरी भाजीसकट झाली. आणि दोन वडे खाऊन उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दोन वडे खाऊन माणूस घरातल्यांना विचारतो, तुम्हाला उरलेत ना? हे पिष्ट रक्तात साखर होऊन झरझर चढतं आणि तितक्याच घाईनं उतरतं, त्यामुळे दोन-अडीच तासांत पुन्हा पोट हाक मारतं. मग शेंगदाण्याचा लाडू, मग केळं, मग तळलेल्या पापड्या, मग रात्री खिचडी. दुसऱ्या दिवशी सकाळी घशाशी आंबट येतं तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस कण्हत सांगतं, “काल उपाशी राहिल्यानं पित्त झालं.”

मधुमेह असलेल्या मंडळींना डॉक्टर हे कळवळून सांगतात. मंडळी ऐकून घेतात. साखर घातलेला चहा सोडून देतात आणि वडा चालू ठेवतात.

तरीही वडा सोडा, असं मी कधी म्हणणार नाही. जगात काही पदार्थ पोषणासाठी असतात आणि काही खाण्यासाठी.

फक्त तो करावा नीट. नीट म्हणजे भिजवण्यापासून. साबुदाणा तीन पाण्यांनी धुवायचा, पहिलं पाणी दुधाळ निघतं, तिसरं निवळ. मग पाणी निथळून दाण्यांवर बोटाच्या अर्ध्या पेराएवढंच ठेवायचं आणि झाकून रात्र काढायची. सकाळी एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. लोण्यागत पसरला तर भिजला. मधे पांढरा ठिपका टोचला तर नाही भिजला. पाणी जास्त झालं तर चिकट लगदा, कमी झालं तर छर्रे. आणि किती पाणी लागेल हे दाण्यावर अवलंबून, दाणा कारखान्यावर, कारखाना पावसावर. बारीक नायलॉन साबुदाणा या कामाला घ्यायचाच नाही. तो चिवड्याचा. किराणावाल्याला “हा भिजतो का हो?” असं विचारलं तर तो सांगतो, “ताई, पाण्यात टाकला की भिजतोच.” नगरी माणसाकडून याहून जास्त माहिती निघत नाही.

शेंगदाणे मंद आचेवर लोखंडी कढईत भाजावेत, सालीवर काळे डाग पडेपर्यंत. सुपात घेऊन चोळायचे, पाखडायचे, आणि कूट जाडसर ठेवायचा. पीठ झालं की तेल सुटतं आणि वडा जड होतो. मिरची आणि जिरं खलबत्त्यात. बटाटा जुना हवा आणि उकडून पूर्ण थंड झालेला. नवा बटाटा पाण्याचा असतो, तो वड्याला फसवतो. मीठ अगदी शेवटी, तळायला घेताना, नाहीतर सारण पाझरतं. साखर घालावी का? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना काढला तो आमच्या जिल्ह्यात. साखर आम्ही देशाला दिली, पण वड्यात चिमूटभरापेक्षा जास्त घालणाऱ्या पुणेकर सुनेला आमच्या आत्यानं माफ केलेलं नाही.

हात ओला करून गोळा घ्यायचा, तळव्यावर चपटा करायचा, कडेला भेगा राहिल्या तर बोटानं लिंपायच्या. तेल मध्यम तापलेलं. वडा कढईच्या कडेनं सोडायचा आणि लगेच झारा लावायचा नाही. पहिली मिनिटं तो नुसता बुडबुड्यांत पडून राहतो. मग पृष्ठभागावरचे दाणे एकेक करून पांढऱ्याचे पारदर्शक होतात, फुगतात, आणि एकमेकांना घट्ट धरतात. या क्षणापर्यंत ज्यानं हात आवरला त्याचा वडा उलटताना तुटत नाही. घाई केली की वड्याचे कढईत तालुके होतात.

आणि मग फुटण्याचं प्रकरण. साबुदाणा वडा कधीकधी कढईत फटाक्यासारखा उडतो, हे ज्यांनी बघितलं आहे ती माणसं अजूनही हातभर लांबून तळतात. कारण साधं आहे. बाहेरचं पिष्ट शिजून कवच घट्ट होतं आणि आतल्या पाण्याची वाफ अडकते. सारणात पाणी राहिलं असेल किंवा हवा कोंडली असेल तर वाफ आपली वाट स्वतः काढते. उपाय: साबुदाणा पूर्ण निथळा, वडा जाडजूड करू नका, मधे बोटानं किंचित खळगा पाडा, आच बेताची ठेवा. आत्याच्या मते कारण वेगळं आहे. घरात कुणीतरी उपास लपवून मोडला असला की वडा फुटतो. तिच्याकडे वडा फुटला की आधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग गॅस बंद करतात.

नियमांचा अधिकार असाच घरोघर वेगळ्या हातात असतो. जिरं चालतं, हे बहुतेक ठिकाणी मान्य. कोथिंबिरीवर दोन घराण्यांत बोलणं बंद झालेलं मला माहीत आहे. हळद एका आळीत चालते, दुसरीत नाही. सैंधव मीठच हवं म्हणणारे त्याच वड्याबरोबर बाजारचा बटाट्याचा चिवडा खातात, त्यातलं मीठ कुठलं हे न विचारता. तेल शेंगदाण्याचं हवं, कारण शेंगदाणा चालतो. करडईचं तेल वर्षभर खाणारी घरं त्या दिवशी डबा बदलतात. शिंगणापूरला शनिदेवाला तेल वाहतात, आणि तेच पुण्य पुढं चालवत भक्त परतीच्या रस्त्यावर तेलात पोहणारे वडे उचलतात. एक तेल देवाला, एक भक्ताला. साडेसाती कुणाची संपते आणि कुणाची सुरू होते, हे पुढच्या रक्ततपासणीत समजतं.

हॉटेलवाल्यांनी तर शास्त्र फारच पुढं नेलं आहे. नगर-पुणे रस्त्यानं गेलात तर ‘उपवासाची मिसळ’ अशा पाट्या दिसतात. खाली साबुदाण्याची खिचडी, त्यावर बटाट्याची भाजी, वर शेंगदाण्याची आमटी, त्यावर तळलेला कीस, बाजूला वडा. पावाऐवजी दुसरा वडा. उपवासाचा डोसा झाला, ढोकळा झाला, कटलेट झालं. नुसतं पाणी प्यायचं म्हटलं तर तिथला पोरगा दयेनं विचारतो, “साहेब, काय आजारी हाये का?”

बिनवड्याचा उपास जिल्ह्यानं पाहिलेला नाही, असं मात्र नाही. राळेगणसिद्धी आमच्याच पारनेर तालुक्यात. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले, तेव्हा बारा दिवस पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही, आणि २८ ऑगस्टला नारळपाणी आणि मध घेऊन त्यांनी ते सोडलं. त्या दिवसांत नगरच्या चौकाचौकांत पाठिंब्याची साखळी उपोषणं चालू होती. त्या मंडपांच्या मागच्या बाजूला साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं कुठंच नव्हतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. साखळी मोठी होती.

आणि उपासच करू नका म्हणणारा माणूसही आमच्याच जिल्ह्यातला. साईबाबांच्या सच्चरितात बत्तिसाव्या अध्यायात गोखलेबाईंची गोष्ट आहे. बाई तीन दिवस उपाशी राहून बाबांच्या पायाशी बसायचं ठरवून शिर्डीला आल्या. बाबांनी आदल्याच दिवशी दादा केळकरांना सांगून ठेवलं होतं की शिमग्याच्या सणात माझ्या लेकरांना उपाशी राहू देणार नाही. बाई आल्या तर बाबा म्हणाले, उपासाची गरज काय? दादा केळकरांच्याच घरी जा, पुरणपोळ्या कर, त्यांच्या पोरांना वाढ आणि तूही पोटभर खा. बाईंनी तसंच केलं. आज त्याच शिर्डीत दर गुरुवारी बाबांच्या नावानं उपास धरलेली माणसं येतात, आणि मंदिराबाहेरच्या कढया पहाटेपासून वड्यांनी भरलेल्या असतात.

गुरुवारी आत्या आमच्याकडे होती. वडे तळत होती. मी तिला ती गोष्ट वाचून दाखवली, अगदी अध्यायाच्या आकड्यासकट. म्हटलं, बाबांची आज्ञाच आहे, पुरण घालू या का? तिनं झाऱ्यानं एक वडा उलटवला, कडा तपासली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबांनी ते गोखलेबाईला सांगितलं. आपल्याला कुठं सांगितलंय? ती दह्याची वाटी आण इकडं.”